रबरी गोळीचा मार: वळ दिसतो तेवढाच नसतो

माझ्यापुढे आलेले प्रश्न तीन आहेत. रबरी गोळीने माणूस मरू शकतो का? अंगावर नुसता वळ उठला असेल तर दवाखान्यात जायची गरज आहे का? आणि छर्रे अंगात राहिले असतील तर काढून घ्यायचे की राहू द्यायचे? थोडक्यात उत्तरं अशी: हो, मरू शकतो. वळ कुठे आहे त्यावर ठरतं. छर्रे बहुतेक वेळा राहू द्यायचे, पण डोळ्यातला, सांध्यातला असे काही छर्रे याला अपवाद.

आता सविस्तर. मी डोळ्यांचा सर्जन. त्यामुळे डोळ्याबद्दल जास्त बोलेन. छाती-पोटाबद्दल जे सांगतोय ते कॅज्युअल्टीत सर्जरीच्या मंडळींच्या शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं बघितलेलं आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे 'रबरी गोळी' या एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू खपतात. एक म्हणजे दंगलविरोधी बंदुकीतून सुटणारी जाड रबरी किंवा प्लास्टिकची गोळी. दुसरी, एकाच काडतुसातून सुटणाऱ्या अनेक लहान रबरी-प्लास्टिक गोळ्या. तिसरी, बारा बोअरच्या बंदुकीतले धातूचे छर्रे. यांचा रबराशी काडीचा संबंध नाही. आणि चौथी, अश्रुधुराची नळकांडी. ती धुरासाठी असते, पण सरळ माणसावर झाडली की तिचा धूर नंतर, वजन आधी लागतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये बगदादच्या निदर्शनांत अशी जड, लष्करी बनावटीची नळकांडी लोकांच्या कवटीत घुसून माणसं गेली. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर झालेल्या पोलीस कारवाईनंतर आपल्या वाहिन्यांवर छऱ्यांच्या जखमांची चर्चा झाली, तेव्हाही ही चारही नावं एकमेकांत मिसळून बोलली जात होती. डॉक्टरला मात्र नक्की काय लागलं हे कळणं फार गरजेचं असतं, कारण उपचार त्यावर बदलतात. वस्तू किंवा तिचं रिकामं काडतूस कुणाला सापडलं असेल तर सोबत आणा, नाहीतर मोबाइलवर फोटो तरी काढा.

जाड गोळीपासून सुरुवात करतो, कारण तिच्याबद्दलची माहिती सगळ्यात जुनी आहे. ब्रिटिश लष्कराने १९७० मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये रबरी गोळी आणली. लांबी जवळपास १५ सेंटीमीटर, जाडी पावणेचार, वजन १४० ग्रॅमच्या आसपास. नळीतून निघताना वेग सेकंदाला ६० ते ७० मीटर. आपल्याला कळेल असं सांगायचं तर, ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत साधारण १२० ज्यूल ऊर्जा असते. या गोळीत अडीचशे ते साडेतीनशे. म्हणजे वेगवान गोलंदाजाच्या चेंडूच्या दुप्पट-तिप्पट मार, आणि समोरच्याकडे ना हेल्मेट, ना पॅड, ना चेंडू येतोय हे बघायला वेळ. शिवाय ही लांबट गोळी हवेत कोलांट्या खात जाते. ती आडवी लागेल की टोकाने, हे झाडणाऱ्याच्या हातात नसतं. टोकाने लागली तर तेवढीच ऊर्जा लहानशा जागेवर एकवटते.

तिथल्याच बेलफास्ट शहरातल्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये अशा ९० रुग्णांचा अहवाल छापला. एक जण दगावला होता. दोघांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली होती. पाच जणांची एका डोळ्याची नजर गंभीरपणे अधू झाली होती. पुढे रबराच्या जागी प्लास्टिकची गोळी आली, पण मृत्यू थांबले नाहीत. रबरी आणि प्लास्टिकच्या गोळ्यांनी तिथे एकूण १७ जणांचा जीव घेतला, आणि त्यांतली जवळपास निम्मी मुलं होती. पहिला बळी, १९७२ मधला, ११ वर्षांचा फ्रान्सिस राऊनट्री. 'कमरेखाली नेम धरा' ही सूचना ऐकायला ठीक आहे, पण मोठ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवरच लहान मुलाचं डोकं असतं. आणि पळणारा माणूस वाकतो, पडतो, वळतो. जमिनीवर आपटून उडवलेली गोळी तर कुठे जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

जगभरच्या अशा नोंदी एकत्र करून २०१७ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १९८४ जखमी होते. त्यांतले ५३ दगावले, ३०० जणांना कायमचं अपंगत्व आलं. मृत्यूंपैकी जवळपास निम्मे आणि कायमच्या अपंगत्वापैकी ८० टक्क्यांहून अधिक डोक्याला किंवा मानेला लागल्यामुळे. हे आकडे दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचे आहेत. घरी हळद लावून बसलेले यात नाहीत. त्यामुळे 'लागलेल्या शंभरातले तीन मरतात' असा सरळ अर्थ त्यातून काढू नका. अर्थ एवढाच की जीव जाणं हा अपवादात्मक अपघात नव्हे, ते या साधनाच्या वापरात गृहीत धरायला हवं.

वळाकडे येऊ. गोल गोळीने उठलेला ताजा वळ बघितला तर मधोमध फिकट, जवळपास पांढरट जागा दिसते आणि भोवती लालजांभळं कडं. गोळी आदळली तिथलं रक्त बाजूला ढकललं जातं आणि कडेच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. हे कडं पाच रुपयांच्या नाण्याएवढं असतं आणि काही दिवसांत हिरवट-पिवळं पडायला लागतं. रुग्ण म्हणतो, उतरतंय. कातडी मात्र लवचिक असते. ती मार पुढे देऊन मोकळी होते, आणि खाली काय झालं ते तिच्यावर उमटेलच असं नाही.

वळ छातीवर असेल तर खालचं फुफ्फुस खरचटलेलं असू शकतं. पहिल्या दिवशीचा एक्स-रे स्वच्छ येतो आणि दुसऱ्या दिवशी धाप लागायला लागते. म्हणून 'काल एक्स-रे नॉर्मल होता' या वाक्यावर विसंबू नका. बरगड्या मोडतात, ते कळतं. लहान मुलांत आणि सडपातळ तरुणांत हृदयाच्या नेमक्या जागी नेमक्या क्षणी बसलेला मार ठोकाच बिघडवू शकतो आणि माणूस जागेवर कोसळतो. तिथे दवाखान्यात पोचेपर्यंत वाट बघायची नसते, छाती दाबायला सुरुवात करायची असते.

पोटावर डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली लागलं असेल आणि डाव्या खांद्यात दुखायला लागलं, तर खांदा चोळत बसू नका. प्लीहेतून, म्हणजे त्या बरगड्यांआडच्या पाणथरीतून, रक्त गळतंय का ते बघायला हवं. आतडं फुटलेलं असेल तर पोट कडक होतं, ताप येतो, उलट्या होतात, आणि हे बारा-चोवीस तासांनीही होऊ शकतं. वृषणाला लागून सूज आणि असह्य दुखणं असेल तर लाजेपायी सकाळची वाट बघणारे तरुण मी बघितले आहेत. तिथे हिशोब तासांचा असतो.

डोक्याला लागलं आणि माणूस क्षणभर भोवंडून पुन्हा नीट बोलायला लागला, ही सगळ्यात फसवी अवस्था. कवटीच्या आत रक्त साठत असेल तर तासा-दोन तासांनी तो गुंगीत जातो. डोक्यावर लागलेल्या प्रत्येकाला दवाखान्यात न्या. बोलतोय, चालतोय, तरी न्या.

हातापायांवरचा मार बहुतेक वेळा खरंच नुसता वळ असतो. पोटरी टणक, चकचकीत झाली, पायाची बोटं हलवली की जीव जातो, बधिरता आली, तर मात्र आत स्नायूंवर दाब वाढतोय. आणि कातडी फाटून भोक पडलं असेल तर ती जखम साधी समजू नका. गोळीबरोबर कपड्याचा तुकडा आत गेलेला असतो. रबर आणि प्लास्टिक साध्या एक्स-रेत स्पष्ट दिसेलच असं नाही, त्यामुळे 'आत काही नाही' असं रिपोर्टवरून ठरवता येत नाही. सोनोग्राफी किंवा सीटी लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन तर हवंच.

इस्रायलमध्ये वापरल्या जाणाऱ्या काही गोळ्यांना आत धातू आणि वर रबराचा पातळ थर असतो. ऑक्टोबर २००० मधल्या संघर्षातल्या १५२ जखमींचा अभ्यास तिथल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये छापला. त्यांतल्या ५९ जणांच्या अंगात गोळी घुसलेली होती. दोघांच्या बाबतीत ती डोळ्यातून थेट मेंदूत गेली आणि ते वाचले नाहीत.

आता माझा प्रांत.

डोळ्याचा गोळा सुमारे २४ मिलिमीटरचा. भोवती हाडाची खोबण आहे, आणि मुठीसारखी मोठी वस्तू आली तर मार त्या हाडाच्या कडेवर अडतो. छऱ्याला ही कड अडवत नाही. काश्मीरमध्ये वापरलेला नऊ नंबरचा छर्रा जेमतेम २ मिलिमीटरचा असतो. तो पापणीतून, बुबुळावरच्या पारदर्शक पटलातून किंवा पांढऱ्या भागातून आत जातो. बाहेरची जखम कधी कधी इतकी बारीक असते की नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. मशिनवर बसवून बघितलं की खूण दिसते: बाहुली गोल राहिलेली नसते, पाण्याच्या थेंबासारखी एका टोकाला ओढली गेलेली असते, आणि त्या टोकाशी जखमेतून तपकिरी रंगाचा बारीक ठिपका डोकावत असतो. नवख्याला तो कचरा वाटतो. तो बुबुळाचा तुकडा असतो. तो कापसाने पुसायला गेलात तर डोळा आतून बाहेर येईल.

छऱ्यात जोर असेल तर तो डोळ्यातला जेलीसारखा द्रव आणि मागचा पडदा, दोन्ही भेदून पलीकडे खोबणीत जाऊन बसतो. म्हणजे डोळ्याला दोन भोकं. पुढचं भोक आम्ही शिवतो, शक्यतो पहिल्या चोवीस तासांत. मागचं शिवता येत नाही, ते आपोआप भरू द्यावं लागतं. साधारण दहा-पंधरा दिवसांनी दुसरं ऑपरेशन: आतलं रक्त काढणं, पडदा बसवणं, सिलिकॉन तेल भरणं. मग अनेक दिवस पालथं झोपायचं. मग कधीतरी ते तेल काढायचं ऑपरेशन. एवढं करूनही पडद्यावर व्रण धरला की तो सुरकुततो आणि पुन्हा सुटतो. नातेवाईक विचारतात, 'डॉक्टर, ऑपरेशन सक्सेस ना?' पडदा बसलेला असतो, पण माणसाला डोळ्यापुढे हात हलतोय एवढंच दिसत असतं. या प्रश्नाचं उत्तर देणं ऑपरेशनपेक्षा अवघड जातं.

जुलै २०१६ मध्ये काश्मीरमधल्या निदर्शनांत छर्रे झाडले गेले, तेव्हा श्रीनगरच्या एसएमएचएस रुग्णालयात अशा डोळ्यांची रांग लागली. स्थानिक नेत्रतज्ज्ञ दिवसरात्र शिवत होते. पुण्याच्या बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशनच्या पुढाकाराने मुंबईचे डॉ. एस. नटराजन आपल्या सहकाऱ्यांसह तिथे गेले आणि पडद्याची ऑपरेशनं केली. केंद्रीय राखीव पोलीस दलाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयात सांगितलं की ३२ दिवसांत सुमारे १३ लाख छर्रे झाडले गेले. एका काडतुसात चारशेहून अधिक छर्रे. जवळून झाडलं तर ते झुंडीने एकाच जागी घुसतात आणि खऱ्या गोळीसारखं भगदाड पाडतात. लांबून झाडलं तर पसरतात, आणि मग त्यातला प्रत्येक कुणाच्या डोळ्याकडे जातोय हे कुणालाच ठाऊक नसतं. जाड गोळी निदान लांबून कमी घातक होते. छऱ्यांना असं सुरक्षित अंतरच नाही.

माझं मत विचाराल तर गर्दीवर छऱ्यांची बंदूक वापरण्याचं समर्थन वैद्यकीयदृष्ट्या होऊच शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही धातूचे छर्रे कधीच वापरू नयेत असंच सांगतात. एकल गोळीबद्दल मी इतका टोकाचा नाही. समोर कुणी पेट्रोल बॉम्ब घेऊन उभा असेल तर पोलिसाकडे लाठी आणि खरी गोळी यांच्यामध्ये काहीतरी असायला हवं हे मला पटतं. पण मग ती बंदूकच समजून वापरली पाहिजे, गर्दी पांगवायचा फवारा समजून नाही.

चिलीत हा धडा फार महाग पडला. ऑक्टोबर २०१९ पासूनच्या निदर्शनांत तिथे चारशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. पोलीस 'रबरी' छर्रे वापरत होते. डॉक्टरांना शंका आली, कारण रबराने इतकं आत जाऊ नये आणि स्कॅनमध्ये इतकं ठळक दिसू नये. चिली विद्यापीठाच्या अभियंत्यांनी तपासलं तर त्यात रबर फक्त २० टक्के निघालं. उरलेलं सिलिका, बेरियम सल्फेट आणि शिसं. त्याच नोव्हेंबरमध्ये त्यांचा वापर स्थगित झाला. फाबिओला काम्पिल्लाई यांना तिथेच अश्रुधुराचं नळकांडं चेहऱ्यावर लागलं. दोन्ही डोळे गेले, वास आणि चवही गेली. २०२१ मध्ये त्या सिनेटवर निवडून आल्या.

डोळा न फुटता नुसता मार बसला तर? तेव्हाही निश्चिंत राहू नका. बुबुळाच्या पुढच्या पोकळीत रक्त उतरतं. रुग्णाला ताठ बसवलं की ते तळाशी जमतं आणि त्याची वरची कड अगदी सरळ रेषेत दिसते. यावर उपाय म्हणजे विश्रांती, उशी उंच, आणि ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो आणि तो बऱ्याचदा पहिल्यापेक्षा वाईट असतो. 'आता बरं वाटतंय' म्हणून तिसऱ्या दिवशी मोटारसायकल काढणारे नेमके तेव्हाच परत येतात.

घटनास्थळी काय करायचं? डोळ्याला काही लागलं असेल तर दाबू नका, चोळू नका, पट्टी घट्ट बांधू नका. कागदी कपाचा तळ कापून तो हाडाच्या कडेवर टेकेल असा डोळ्यावर ठेवा आणि चिकटपट्टीने अडकवा. थेंब, मलम, गुलाबपाणी, तूप, काही नको. तोंडाने खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागणार असते. अश्रुधुराने डोळे चुरचुरत असतील तर भरपूर पाण्याने धुवा, ते बरोबरच आहे. पण धूरही गेला आणि मारही बसला असेल, तर त्या डोळ्यावर पाण्याची धार सोडू नका. चेहरा ओल्या कपड्याने टिपा, दुसरा डोळा धुवा, आणि थेट जिथे डोळ्यांचं ऑपरेशन होतं अशा ठिकाणी न्या. गावातल्या दवाखान्यात तास घालवू नका.

अंगात राहिलेले छर्रे. लोकांना वाटतं, आत शिसं आहे म्हणजे सगळं काढलंच पाहिजे. स्नायूत बसलेला छर्रा शोधत फिरलं तर छऱ्याने केली नसेल तेवढी इजा सर्जनच्या सुरीने होते. भोवती व्रणाची पिशवी तयार होते आणि तो तसाच पडून राहतो. सांध्यातला मात्र काढायचा, कारण सांध्यातल्या द्रवात शिसं विरघळतं आणि रक्तात उतरतं. मज्जातंतूला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला टेकलेला, पू झालेला, कातडीखाली टोचणारा, हेही काढायचे. खूप छर्रे असतील तर अधूनमधून रक्तातलं शिसं तपासा. पुढे गरोदरपणात तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि दहा वर्षांनी कंबरदुखीसाठी कुणी एमआरआय सांगितला तर मशिनमध्ये जाण्याआधी तोंड उघडा. पोलादी छर्रा चुंबकाने हलतो, आणि कुठला पोलादी, कुठला शिशाचा हे बाहेरून सांगता येत नाही.

कागदोपत्री भागाबद्दल लोक विचारत नाहीत, पण पुढे तोच अडतो. ही जखम मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस असते. पोलिसांना कळेल, गुन्हा दाखल होईल, या भीतीने पोरं दवाखाना टाळतात. काश्मीरमध्ये तर खरी नावं न सांगता दाखल झालेले रुग्ण होते. तुमच्यावर काय गुन्हा आहे हे डॉक्टर बघत नाही. आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलं आहे. केसपेपरवर जखमेचं माप, आकार, जागा आणि किती अंतरावरून लागलं हे तुमच्या शब्दांत लिहून घ्या. काढलेली गोळी किंवा छर्रा सीलबंद करून पोलिसांकडे पावती घेऊन दिला जातो; तो स्मरणिका म्हणून खिशात घालू नका. जखमेचे फोटो पहिल्या दिवशी काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. आठवड्याने ते कडं पुसलेलं असतं.

शेवटचं, डोळ्याला मार बसून बरे झालेल्यांसाठी. डोळ्यातलं पाणी जिथून निचरा होतं तो कोपरा मारामुळे फाटलेला असू शकतो, आणि दाब वाढायला कधी कधी दहा-पंधरा वर्षं लागतात. दुखत नाही, लाल होत नाही, नजर कडेकडून जाते. दर वर्षी एकदा डोळ्याचा दाब मोजून घ्या, आणि मोजणाऱ्याला सांगा की इथे मार लागला होता.